सुराची राहिलेली जागा

पन्नाशीत मी पियानो शिकायला लागले, तेव्हा घरात प्रत्येकानं आपापल्या परीनं माझी चेष्टा करून घेतली. शाळेत वर्षानुवर्षं अपूर्णांक शिकवणारी बाई आता काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजणार म्हणे! मी चिडले. आणि चिडले की मी हातातलं सोडत नाही, म्हणून शिकणं टिकलं.

शिकवणाऱ्या टीचर नगर शहरातल्या एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात. शनिवारी दुपारी मी केडगावहून त्यांच्या घरी जायची आणि वडिलांनाही सोबत न्यायची, कारण त्यांना घरी एकटं ठेवायचा धीर होत नव्हता. आम्ही त्यांना दादा म्हणतो. पाथर्डीकडच्या आमच्या गावात भजनी मंडळाची पेटी म्हणजे दादा, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र अर्धवट राहिला. बोट पट्टीवर टेकायचं, पण ठरायचं नाही. आपोआप उचललं जायचं. डावा हात भाता मारायला धडधाकट होता, पण नुसता भाता मारून करायचं काय? मी दादांना केडगावला आमच्या घरी आणलं आणि पेटी आमच्या माळ्यावर गेली.

गावाकडून मंडळातली माणसं जीप करून भेटायला येत. दर वेळी विचारत, सप्त्याला पेटीवर बसताय ना?

"सूर तुटंल," दादा म्हणत. "मानसं काय बोलनार न्हाईत, पर ऐकत्याल की."

मी पियानो शिकायला लागले त्या वर्षी मात्र मंडळवाले म्हणाले, तुम्ही नसाल तर भाड्यानं कीबोर्डवाला आणावा लागेल. दादा म्हणाले, "आना." आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

अशातच एका शनिवारी टीचरनी नवा धडा उघडला. प्रत्येक सुराच्या डोक्यावर टिंब होतं. लहानपणी पेटीच्या क्लासात मी शिकले होते, की डोक्यावर टिंब म्हणजे वरच्या सप्तकातला सूर. मी मोठ्या आत्मविश्वासानं हात उजवीकडे नेला आणि अख्खी ओळ चिमण्यांच्या आवाजात वाजवली. टीचरनी कपाळाला हात लावला. मागच्या खुर्चीवर दादा खुदकन हसले. आजारपणानंतर ते असे हसलेले मी पहिल्यांदाच ऐकत होते, त्यामुळे माझी फजिती मला चालली.

"हे टिंब सूर वर नेत नाही, आखूड करतं," टीचर म्हणाल्या. "स्टकाटो. तवा तापलाय का ते बोट लावून बघतेस ना, तसं. लागलं की उचल."

मला ते जमेना. पेटीवर वाढलेला हात पट्टी सोडायला राजी नसतो. एक बोट उचलायच्या आत दुसरं टेकलेलं असतं. त्यातून उचललंच, तर मी धावत सुटायची. सूर लवकर संपला तर पुढचाही लवकर यायला हवा, असं माझ्या डोक्यातलं गणित. टीचर वैतागल्या.

"अगं, पळू नकोस. आवाज निम्मा केलाय, वेळ नाही निम्मा केला. पुढचा सूर त्याच्या ठरल्या वेळीच येणार."

"मंग मदली जागा कुनाची?" दादांनी मागून विचारलं.

टीचर वळल्या. "त्याच सुराची, काका. वाजून झाला तरी जागा त्याचीच."

मग त्यांनी एक साधी चाल आधी सलग वाजवली, नंतर टिंबांसकट. सलग वाजवली तेव्हा छान वाटली. टिंबांसकट वाजवली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आवाज कमी झाला होता आणि चाल जास्त ठसठशीत झाली होती. खोलीत क्षणभर काहीच वाजत नव्हतं, तरी मागचा सूर माझ्या कानात जागचा हलत नव्हता. सगळी नोकरी मी फळ्यावर निम्म्याला निम्मं म्हणत आले. हे निम्मं कुठल्या खान्यात बसवायचं ते मला कळेना, आणि कळत नव्हतं म्हणून फार सुख वाटत होतं.

पुढच्या शनिवारी सजावटीचे सूर आले. मोठ्या सुराच्या खांद्याशी अगदी बारका सूर काढलेला असतो. त्याला मापात स्वतःचा वेळच नाही. जे घ्यायचं ते शेजाऱ्याकडून. एकावर तिरपी रेघ असते, तो शेजाऱ्याला निसटता धक्का देऊन पसार होतो. दुसरा बिनरेघेचा, तो पाहुणा म्हणून येतो आणि निम्मी खाट बळकावतो. टीचरच्या मते तोच जास्त गोड. या दोन सुरांची इटालियन नावं घेताना माझी बोबडी वळली, पण दादांना नावांशी देणंघेणं नव्हतं. ते रेघवाल्या सुराकडे बघत होते.

पट्टीवर जाताना दादांचं बोट थरथरायचं आणि शेजारच्या पट्टीला घासून जायचं. पेटी माळ्यावर जायचं तेही एक कारण होतं. असा निसटता सूर, म्हणजे कण, आपल्या गाण्यातही लावतात, पण तो मनात येईल तेव्हा. दादांचा हात त्यांना न विचारताच लावायचा.

"ह्यो घासून जानारा सूर," ते म्हणाले, "चूक न्हाई?"

"चूक कशी, काका? मुद्दाम लिहिलाय."

घरी आल्यावर दादा चपला काढता काढता म्हणाले, "पेटी काढ."

मी स्टूलवर चढून पेटी खाली आणली, पुसली. दादांनी भाता सोडला आणि त्यांच्या नेहमीच्या अभंगाची चाल धरली. पहिला सूर लागला आणि तुटला. त्यांनी डोळे मिटले, पण थांबले नाहीत. बोट वर असताना भाता हवेनं भरून घट्ट व्हायचा, डाव्या हाताला दाद द्यायचा नाही. दादा तेवढा वेळ तो हात भात्यावर नुसता टेकवून बसायचे. मग पुढचा सूर, बरोबर त्याच्या वेळी, शेजारच्याला घासून. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. लहानपणापासून ऐकलेली चाल मी जणू पहिल्यांदा ऐकत होते. कुठलाच सूर पुरता वाजत नव्हता आणि चालीत काहीही कमी नव्हतं. मी तिथेच उंबऱ्यावर बसले.

त्यानंतर रोज सकाळी पेटी वाजायला लागली. दादांनी मंडळाला फोन करायला लावला: कीबोर्डवाला नको.

गावात सप्त्याच्या शेवटी, काल्याच्या दिवशी सकाळी कीर्तनाआधी भजनाला ते बसले. मी बायकांच्या बाजूला, पदराचं टोक मुठीत धरून. पहिल्या चरणाला गाणारे गडबडले. सूर मिळतोय न मिळतोय तोच जायचा आणि ते पुढे धावायचे, अगदी माझ्यासारखे. पखवाजावरचे दादांचे जुने जोडीदार त्यांच्या बोटांकडे टक लावून बघत होते. दुसऱ्या चरणाला त्यांनी पखवाजावरचा हात आवरता घेतला. दादांचं बोट उचललं की त्यांचा पंजाही वर थांबायचा. टाळ आपोआप हलके झाले. गाणाऱ्यांचं धावणं थांबलं. अख्खा मंडप त्या तेवढ्या जागेत वाट बघायचा, आणि सूर यायचा. मला रडू आवरेना, आणि आवरायची इच्छाही नव्हती.

भजन संपल्यावर ते जोडीदार पखवाज बाजूला ठेवून दादांजवळ आले. "भ्या वाटलं हुतं," ते म्हणाले. "पर सूर न्हाई तुटला. लई मोठा वाजला."

प्रसाद घेऊन आम्ही दुपारी परत निघालो. जीपमध्ये दादांनी उजवा हात माझ्या तळहातावर ठेवला. बोट टेकलं, उचललं गेलं. एरवी मी ते चटकन धरून ठेवलं असतं. या वेळी तळहात तसाच उघडा ठेवला आणि बोट पुन्हा टेकायची वाट बघितली.