दातारबाईंनी आमच्या चुलीवर भाजून घेतलेली माती

दातारबाईंच्या प्रयोगशाळेत आलेल्या माणसाला त्या आधी नाव विचारत नसत. दाराशेजारच्या मोरीकडे बोट दाखवायच्या आणि म्हणायच्या, "हात धुवा. नाव कुठं पळून जात नाही." मग कमरेवर हात ठेवून बघत उभ्या राहायच्या. कुणी बोटांची टोकं ओली करून रुमाल काढला, की त्याचं काही खरं नसे. मी पडलो आकुर्डीचा शेतकरी गडी. बैल धुवावा तसे कोपरापर्यंत हात चोळले. बाई म्हणाल्या, "हं. आता सांगा नाव."

एकोणीसशे पन्नासनंतरचे ते दिवस. पुण्याचं विद्यापीठ नवंकोरं होतं. मातीतल्या सूक्ष्म जीवांपासून औषधं निघतात, या बातमीनं माझ्यासारख्या बी. एस्सी. झालेल्या प्रत्येकाच्या डोक्यात वारं शिरलं होतं. दातारबाई नेमकं तेच काम करत. पण त्यांच्याकडे शिरायचं कसं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ना जाहिरात, ना परीक्षा. मग लोक ओळखी काढत. एकानं सरकारात मोठ्या हुद्द्यावर असलेल्या मामांची चिठ्ठी आणली होती. बाईंनी ती न उघडताच परत दिली. म्हणाल्या, "मामांना माझा नमस्कार सांगा. त्यांना यायचं असेल तर त्यांचेही हात बघेन."

बाईंची रीत वेगळी होती. इच्छुकानं आपल्या गावची मूठभर माती आणायची, ती पाण्यात कालवून तिचा थेंब सूक्ष्म जीवांना खाद्य म्हणून खळ लावलेल्या काचेच्या बशीत पसरायचा आणि पुढचे काही दिवस त्यात काय उगवतं ते बघून बाईंना सांगायचं. बस्स, एवढंच. "पुस्तकातलं मला येतं," बाई म्हणायच्या, "तुम्हाला काय दिसलं ते बोला." पांढरं सुती पातळ, पदर घट्ट खोचलेला, आवाज असा की चार खोल्यांपलीकडचा शिपाई सावरून उभा राही. मला त्यांचा धाक वाटायचा आणि त्या धाकासकट त्या आवडायच्या.

इकडे घरी वेगळाच पेच होता. पिंपरीच्या बाजूला नवा कारखाना उभा राहत होता आणि काकांनी खटपट करून तिथं माझी नोकरी जवळजवळ पक्की केली होती. हो की नाही ते सोमवारी कळवायचं होतं. वडील मी लहान असतानाच गेले, तेव्हापासून घर आईच्या हाती. ती म्हणाली, "बाईनं घेतलं तर शीक. न्हाई घेतलं तर गुमान कारखान्यात जायाचं." मला तिचं म्हणणं पटत होतं, म्हणूनच जास्त धास्ती वाटत होती.

बाईंना माती न्यायचीय, एवढंच मी आईला सांगितलं आणि मळ्यात गेलो. परत आलो तर स्वच्छ फडक्यात बांधलेली पुरचुंडी तयार. माती कशी मऊसूत, खडा नाही की काडी नाही. मी खूश होऊन ती घेऊन गेलो.

चार दिवसांनी सगळ्यांच्या बशा फुलल्या. पांढरे, करडे ठिपके, एकाच्या बशीत तर गुलाबी. माझी बशी घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखी लख्ख. बाईंनी ती उजेडाकडे धरली आणि बराच वेळ बघितली. "माती भाजली होतीत?"

"नाही, बाई."

"घरी विचारून या."

आईला विचारलं तर ती म्हणाली, "व्हय, भाजली की. आधी चाळली, मग रव्यावानी भाजली. एवढ्या शिकल्याल्या बाईला काय शेणामुताची माती द्यायची?" मी कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सगळ्यांसमोर बाईंना जसंच्या तसं सांगितलं. पोरं खो खो हसली. बाई हसल्या नाहीत. "आईंना भेटायला हवं," त्या म्हणाल्या आणि रविवारी खरोखरच आल्या. चिंचवडला गाडीतून उतरून आकुर्डीपर्यंत उन्हातून चालत.

बाई जाऊन आता कैक वर्षं झाली. पण त्यांची आठवण आली की मला त्यांची प्रयोगशाळा आठवत नाही, आमची चूल आठवते. तिच्यापुढे पाट घेऊन बसलेल्या बाई आणि समोर अवघडलेली माझी आई. तवा कुठला, जाळ किती, माती कोणत्या रंगावर उतरवली, बाई एकेक विचारत होत्या. आधी आईला वाटलं, ही चेष्टा करायला आली. मग तिच्या लक्षात आलं, की या बाईला खरंच जाणून घ्यायचंय. बाईंनी तिच्याकडून तीन मुठी माती भाजून घेतली, एक नुसती कोमट, एक मध्यम, एक पार खरपूस. तिन्हींच्या वेगळ्या पुड्या बांधल्या. "आता कळेल, कुठल्या आचेला काय मरतं ते."

आईनं तवा उतरवला आणि सरळ विचारलं, "बाई, माज्या पोराचं काय करताय?"

"घेतलाय. बशी रिकामी राहिली, तर शेजाऱ्याच्या बशीतलं उचलून लावणारे मी पाहिलेत. पोरं हसतील हे ठाऊक असूनही यानं खरं सांगितलंन."

"कारखान्यात ह्याला चांगली नोकरी हाय. तुमच्याकडं काय मिळंल?"

माझा जीव टांगणीला लागला. बाईंनी काहीतरी गोड बोलावं असं फार वाटत होतं.

"सध्या काही नाही," बाई म्हणाल्या. "आधी बाटल्या धुवाव्या लागतील. पुढचंही मी कबूल करत नाही."

आईनं चुलीतली लाकडं मागे ओढली. मग मला म्हणाली, "माज्या तव्यावरची माती बघाया ही बाई उन्हाची चालत आली. हिच्याकडं तू वाया जायाचा न्हाईस."

सोमवारी मी सकाळची गाडी धरली. कारखान्याला नाही म्हणून सांगायला काकांकडे आई गेली.