रोडपालीची मशीनवाली

तिचं नाव मला आजही माहीत नाही. माझ्या फोनमध्ये ती 'रोडपालीची मशीनवाली' आहे.

जासईला बहिणीची हळद होती. आत्याने गायलेला लग्नाचा धवला मी कॉम्प्युटरवर मिक्स केला, पण ढोल आणि बेंजोखाली आत्या पार गाडली गेली. शेवटी कुणीतरी या बाईंकडे पाठवलं.

पन्नाशीची बाई. समोर आवाजाचे चढउतार सारखे करणारा, काचेच्या व्हॉल्व्हचा जुना, जडशीळ कॉम्प्रेसर. तो चालू करून ती त्यावर तळहात धरून उभी राहिली. मला घाई झालेली.

"तवा तापला नाय अजून. भाकरी कशी टाकू?"

मग किणकिण नको म्हणून तिने बांगड्या उतरवल्या, कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर टॉवेल टाकला आणि डोळे मिटून नॉब केसाकेसाने फिरवत राहिली. मनासारखं जमल्यावर अख्खं गाणं त्या मशीनमधून एकदा जाऊ दिलं.

"झालं?" मी विचारलं.

"मांडवात वाजूं दे. तवर बांगड्या घालत नाय मी."

हळदीला डीजेने गाणं लावलं. ढोल छातीवर आदळला, आणि त्याच्याही वर आत्या! शब्दन् शब्द! हळदीने माखलेल्या हातांनी खरी आत्या स्पीकरसमोर धावली आणि स्वतःच्याच आवाजावर आवाज चढवून गाऊ लागली. अख्खा मांडव नाचायला उठला.

मी मशीनवालीला फोन लावून तो स्पीकरकडे धरला. गाणं संपल्यावर कानाला लावला. पलीकडून नुसत्या बांगड्या वाजल्या.