तिसरी खळी

माझी थोरली बहीण दाराला कुलूप लावते, जिना उतरते आणि कुलूप नीट लागलंय का ते बघायला पुन्हा वर जाते. घरात सगळे तिला भिंगरी म्हणतात. तिच्याबरोबर बाहेर पडायचं म्हणजे माझं डोकंच फिरतं.

नोकरीही तिने स्वभावाला साजेशीच धरलीय. दूरच्या ताऱ्यांभोवती ग्रह आहेत का, हे ती कॉम्प्युटरवर शोधते. ग्रह स्वतः काही दिसत नाही. तो ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो आणि पडद्यावरची सरळ रेघ जराशी खाली वाकते. त्याला ऑफिसात खळी म्हणतात. एक खळी पडली तर कुणी ढुंकूनही बघत नाही, दोन पडल्या की कुजबुज सुरू होते. तिसरी ठरल्या वेळी पडली तरच ग्रह.

ताईच्या एका ताऱ्याला दोन खळ्या पडल्या होत्या. तिसरीची वाट बघताना तिने आम्हाला सळो की पळो करून सोडलं. जेवताना मध्येच उठायची, विचारलेलं एक आणि उत्तर भलतंच द्यायची.

“तिथं राहायला जायचंय का तुला?” मी एकदा चिडून विचारलं.

“राहायला नाही गं. पण इतक्या मोठ्या पसाऱ्यात आपलं एकच घर आहे की आणखीही आहेत, हे कळायला नको?”

तिचं म्हणणं पटलं, म्हणून मी आणखी चिडले.

त्या दुपारी बाबांचे डोळे तपासायचे होते. ते दवाखान्यात जाऊन बसले होते आणि मी ताईला घ्यायला ऑफिसात गेले. ती बाहेर आली तीच पडलेल्या चेहऱ्याने. ठरल्या वेळी रेघ सरळच राहिली होती. साहेबांनी तारा यादीतून काढायला सांगितला होता. उद्यापासून दुर्बीण आकाशाच्या दुसऱ्या भागाकडे वळणार, मग या ताऱ्याकडे बघणार कोण?

बस समोर आली आणि ताई मागे फिरली.

“एकदाच बघून येते.”

“अगं, बाबा ताटकळलेत तिकडे!”

ऐकेल तर ती ताई कसली! मी तणतणत तिच्या मागे गेले.

दुर्बिणीकडून येणाऱ्या रेघेत बारीकसारीक कचरा फार असतो, तो पुसायला एक प्रोग्राम असतो. ताईने त्याला बजावलं होतं, खळीच्या ठरल्या वेळेला हात लावू नकोस, बाकीचं सगळं स्वच्छ कर. आता तिने न पुसलेली रेघ उघडली. ठरलेल्या जागी काहीच नव्हतं. तिचं बोट पुढे सरकलं आणि थांबलं. तिथे खळी होती, आधीच्या दोन्हींइतकीच खोल. ती उशिरा आली होती.

“मीच पुसून टाकली गं,” म्हणत ताई रडायला लागली.

साहेब आले, चष्मा लावून बघितलं, पुन्हा बघितलं. तारा यादीत राहिला. मला इतका आनंद झाला की मी चारचौघांत तिला मिठी मारली.

“झालं ना मनासारखं? आता तरी स्वस्थ बस आणि चल.”

“स्वस्थ कशी बसू? ग्रह उगाच उशीर करत नाही. त्याला कुणीतरी ओढलं असणार.” तिने डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली. “शेजारी दुसरा ग्रह असला पाहिजे.”

मी कपाळावर हात मारला आणि बाबांना फोन लावला.

“बाबा, आम्हाला उशीर होणार.”

“कुणामुळे?” बाबांचा आवाज ताईलाही ऐकू गेला.

“तेच शोधतेय म्हणावं,” ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.