पियानोची खंडेनवमी

खंडेनवमीला मी पियानोची पूजा केली. इथवर ठीक होतं. पण नारळ फोडल्यावर त्याचं पाणी मी पट्ट्यांवर शिंपडलं, हळद-कुंकू वाहिलं आणि वरून ओंजळभर अक्षता टाकल्या. अंबडच्या कोर्टाबाहेर मी लोकांचे अर्ज टाइप करून देतो. माझ्या टाइपरायटरची अशीच पूजा दरवर्षी होते आणि त्यानं आजवर तक्रार केलेली नाही. हेही बोटांनी दाबायचं यंत्र, तेही बोटांनी दाबायचं यंत्र, एवढाच माझा विचार. शिवाय पियानो आमच्याकडं आल्ता तो उसाच्या ट्रॉलीतून, आणि ट्रॉलीतून येतं ते अवजारच असतं.

दसऱ्याला बायको वाजवायला बसली, तर मधल्या पट्ट्या खाली गेल्या त्या वर यायला तयार होईनात. तिनं हळद पाहिली, तांदूळ पाहिले, मंग माझ्याकडं पाहिलं.

पियानो तिचा. अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या कॉलनीतलं एक कुटुंब गाव सोडून निघालं, तेव्हा त्यांनी तो तिला दिला. मोबाइलवर बघून बघून ती शिकली. गणपतीत माझी थोरली बहीण, आक्का, तासाभरावरच्या आष्टीहून आल्ती. तिनं पियानोभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, ‘‘ह्या कपाटात साड्या तरी मावत्यात का गं?’’ बायको हसली. पण त्या दिवसापासून तिनं मनात धरलं, की भाऊबीजेला आक्का येतील तेव्हा त्यांना समोर बसवून वाजवून दाखवायचं. काय वाजवायचं तेही ठरलं. आमच्या पोरीच्या बारशाला आक्कानं आत्याच्या मानानं म्हटलेला पाळणा. महिनाभर ती तेवढंच घोटत होती, आणि मी त्यात नारळाचं पाणी ओतलं.

शोधाशोध करून पुण्याचे एक दुरुस्तीवाले मिळाले. दिवाळीच्या ऐन तोंडावर आले. त्यांनी पियानोची फळी काढली, पट्ट्या एकेक उपसून सतरंजीवर मांडल्या आणि चिमट्यात एक पिवळा तांदूळ धरून मला विचारलं, ‘‘हे काय आहे?’’

‘‘अक्षता.’’

‘‘पियानोचं लग्न होतं का?’’

पुसून, वाळवून, घासून दुपारपर्यंत पट्ट्या जागेवर बसल्या. मंग ते म्हणाले, आता सूर लावायचे, त्यासाठी संपूर्ण शांतता हवी. फ्रिज बंद झाला. भिंतीवरचं घड्याळ उतरवून पांघरुणात गुंडाळलं. आमचे मोबाइल त्यांनी स्वतः बंद केले. तरी ते कान टवकारून बसलेच. ‘‘हा घरघर आवाज कसला?’’

तो शेजारच्या पिठाच्या गिरणीचा. दिवाळीच्या तोंडावर, चकलीच्या भाजणीचे डबे रस्त्यापर्यंत लागलेले असताना गिरणी बंद करा म्हणणं म्हणजे बिलकुल वेडेपणा. पण बायकोचं तोंड बघून मी गेलो. गिरणीवाल्याला हात जोडून म्हणालो, ‘‘दोन घंटे बंद ठेवा. घरात जरा शांतता पाहिजे.’’ माझा चेहरा बराबर पडलेला असणार. त्यानं पुढं काही न विचारता पट्टा उतरवला आणि शटर अर्धं ओढलं.

ऐन दिवाळीत गिरणी थांबली म्हणजे आमच्या गल्लीत एकच अर्थ.

थोड्या वेळानं दारात चार म्हातारे उभे. डोक्यावर पांढऱ्या टोप्या, नजर खाली. दार मीच उघडल्यामुळं त्यांची मोठी पंचाईत झाली. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. बायको चहाची कपबशी घेऊन चालली होती. म्हणजे तीही न्हाई. मंग त्यांना दिसले ते दुरुस्तीवाले, पियानोच्या पोटात डोकं घालून निपचित बसलेले. एकानं हळूच विचारलं, ‘‘भाऊसाहेब, हे कोण तुमचे?’’

‘‘पुण्याचे हायेत. काम करून राह्यले.’’

त्यांना उलगडा झाला, पण असल्या कामाला निघालेला माणूस दारातून परत फिरत नसतो. ते भिंतीला टेकून बसले. पाठोपाठ भाजणीचे डबे घेऊन बायका आल्या, त्याही बसल्या. दुरुस्तीवाले एकच सूर वाजवत होते. टण्ण. टण्ण. टण्ण. दर सुराला एक म्हातारा मान हलवायचा. दुरुस्तीवाले मला म्हणाले, ‘‘लोक फार समजूतदार आहेत हो तुमच्याकडे.’’

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली आणि हंबरडा ऐकू आला. आक्काचा. कुणीतरी आष्टीला फोन केल्ता.

‘‘माज्या भावा रं, भाऊबीज तोंडावर आली अन्...’’

मी धावत गेलो. मला पाहिल्यावर तिनं हातातली पिशवी माझ्याकडं दिली आणि ओळ पुरी केली, ‘‘...आता कुनाला ववाळू रं.’’ त्यानंतर तिनं मला नीट पाहिलं आणि पाठीत धपाटा घातला. ‘‘मेल्या, मेला न्हाईस तर फोन का बंद ठिवलास?’’

आत आणून बसवलं, पाणी दिलं, तरी तिचे हुंदके थांबेनात. रडं एकदा सुटलं की माणूस जिवंत निघाला म्हणून आवरतं थोडंच. दुरुस्तीवाले हत्यारं पुसत म्हणाले, ‘‘झालं. आता कुणीतरी वाजवून बघा.’’

भाऊबीजेला अजून अवकाश होता. खोलीत मयताला आलेली माणसं, दारात डबे, मधोमध रडणारी आक्का. बायकोनं पदराला हात पुसले आणि ती पियानोपुढं बसली. पहिल्या दोन ओळी चाचपडली. मंग पाळणा सुरू झाला. आक्कानं डोळे पुसले, ऐकलं, पियानोकडं पाहिलं, आणि पुन्हा रडायला लागली. पण आता आवाज न करता, ओठ हलवत. चार म्हाताऱ्यांनी टोप्या काढून मांडीवर ठेवल्या. शेवटी आक्का एवढंच म्हणाली, ‘‘दुसरं कडवं राह्यलं की गं.’’ बायकोनं दुसरं कडवं वाजवलं.

माणसं गेली, गिरणी सुरू झाली, आक्काला मी जीपमध्ये बसवून आलो. बायको पट्ट्यांवरून कोरडं फडकं फिरवत होती. माझ्याकडं न पाहता म्हणाली, ‘‘येताना आक्का तुमच्यासाठी रडत आल्या, ते तुमचं. नंतरचं रडणं माझं. त्यात तुम्ही वाटा मागू नका.’’