आभाळोबाची जुनी चीर

आमच्या उसाच्या बांधावर आभाळोबा होता. नारळाएवढा काळा दगड. आजोबांच्या डोळ्यांदेखत भरदुपारी आभाळातून पडला, म्हणून त्याला शेंदूर लागला. लढाईच्या दिवसांत काकीच्या फौजेतल्या मुलाचं, आमच्या दादाचं, इटलीहून पत्र आलं, तेव्हा काकीनं आनंदाच्या भरात त्याच्यावर असा काही नारळ आपटला की नारळ राहिला शाबूत आणि देवाचेच दोन तुकडे झाले!

काकीनं धसका घेतला. आपल्या हातून देव भंगला, आता पोराचं काही खरं नाही. पुढचं पत्र येईतो भाकरी वर्ज्य, नुसतं ताक. (दादा पुढं धडधाकट परतला, पण तेव्हा हे तिला कोण सांगणार?) भंगलेला देव ठेवायचा नसतो, म्हणून तिनं दोन्ही तुकडे पिशवीत घालून माझ्याकडे दिले. मी सांगलीला कॉलेजात होतो. "हरिपूरच्या संगमात सोड," म्हणाली.

मी मुलखाचा आगाऊ. संगमावर न जाता फिजिक्सच्या सरांचं घर गाठलं. सरांनी आधी नमस्कार केला, मग भिंग लावलं. म्हणाले, "दगड जिथं फुटला, ती चीर जुनी आहे. वर आकाशात धोंडे एकमेकांवर आदळतात, फुटतात, तुकड्यांचे पुन्हा तुकडे होतात. उरतो तो भुगा. तसली धूळ रोज आपल्या कौलांवर पडते, दिसत नाही इतकंच. नारळ नुसता निमित्त झाला."

मला इतका आनंद झाला की सुट्टीची वाट न बघता मी शनिवारीच गाडीनं घरी आलो. पिशवी बघताच काकीनं कपाळावर हात मारला.

"आरं मुडद्या, देव माघारी आणलास?"

"काकी, त्यो तुज्या नारळानं न्हाई फुटला. वर लय धोंडं हायती, आदळत्यात एकमेकांवर. ही चीर तिथलीच हाय, बघ."

तिनं चिरेवरून बोट फिरवलं.

"मंग बाकीच्यांचं काय झालं?"

खोटं बोलवेना. "लय जणांची धूळ झाली."

"आन ह्यो तेवढ्या धडका खाऊन आपल्या बांधावर आला?"

"आला की."

काकी हसायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होती. "मंग माजं लेकरू बी येतंय. वाढ भाकरी!"

असलं अनुमान विज्ञानात बसत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मी तिचं मन फिरायच्या आत ताटात दोन भाकरी टाकल्या.