आवणीसाठी सोडलेले एकवीस दिवस

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी पंचवटीच्या पुढे, पेठ रोडला एका शाळेच्या बांधकामावर साइट इंजिनिअर होते. नोकरीचं तिसरं वर्ष. शाळेची मुलं पत्र्याच्या शेडमध्ये दोन पाळ्यांत बसायची. मुख्याध्यापिका बाई दर सोमवारी साइटवर यायच्या आणि नवे वर्ग कधी मिळणार, एवढंच विचारायच्या. मी दर सोमवारी ‘लवकरच’ म्हणायचे. जूनचं म्हटलेलं काम दिवाळीवर गेलं होतं आणि दिवाळीचं पुन्हा जूनवर. सोमवार आला की मी मागच्या बाजूला विटा मोजत उभी राहायचे, बाई दिसू नयेत म्हणून.

वेळापत्रक नव्हतं असं नाही. आमच्या ठेकेदारसाहेबांनी ते कॉम्प्युटरवर काढून आणलं होतं, आडव्या रंगीत पट्ट्यांचं, आणि ऑफिसच्या भिंतीवर लावलं होतं. त्यात मजूर बाराही महिने हजर होते. प्रत्यक्षात दर आषाढात एका सकाळी साइट रिकामी असायची. सुरगाण्याकडची सगळी माणसं न सांगता जीप भरून गावी गेलेली असायची. साहेब चिडायचे, मला दुसरी माणसं शोधायला पिटाळायचे. ती मिळून कामाला रुळेपर्यंत आणखी दोन आठवडे जायचे. रोजच्या डायरीत उशिराच्या कारणाखाली मी लिहायचे, ‘मजूर अचानक गैरहजर’.

त्या वर्षी मे महिन्यात साहेबांनी उशिराची सगळी कारणं एका कागदावर मागितली. मी जुन्या डायऱ्या घेऊन बसले. दोन्ही वर्षी माझं ‘अचानक’ त्याच पंधरवड्यात आलं होतं. मला मनापासून लाज वाटली. आमचं घर फुलशेतीचं. वडील दसऱ्यापासून मागे दिवस मोजून झेंडूची रोपं लावायचे. त्या दिवसांत कुणाचं लग्न असलं तरी घरातून एकच माणूस जायचं. लावणीचे दिवस टळत नाहीत हे मी लहानपणापासून बघत होते, आणि इथे माणसं भात लावायला गेली की मी ‘अचानक’ लिहीत होते.

मजुरांचे मुकादम पन्नाशीचे, कमी बोलणारे. मी त्यांना बाबा म्हणायचे. दुपारच्या सुट्टीत त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि यंदा आवणीला, म्हणजे भातलावणीला, कधी जाणार, असं सरळ विचारलं. त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली. मग म्हणाले, सांगितलं की साहेब अडवतात, म्हणून सांगत नाही.

“या आधी कोणी इचारलंच नाय, ताई,” ते म्हणाले. “आता इचारलं तर सांगतो. स्लॅब टाकला की खाली टेकू असतात, तवर आमाला काय काम? नुसतं पाणी मारायचं. ते दिवस आमाला द्या.”

आमच्या स्लॅबचे टेकू एकवीस दिवस काढायचे नव्हते. तोवर खालच्या खोल्यांत टेकूंचं रान, भिंती नाहीत, गिलावा नाही. हे मी परीक्षेत लिहून पास झाले होते. पण आवणी आणि ते एकवीस दिवस एकमेकांवर ठेवून बघावेत, हे मला सुचलं नव्हतं.

त्यांनी जायची तारीख सांगितली. मी तिथून मागे मोजत आले: स्लॅब, त्याआधी सळई, त्याआधी सेंटरिंगचा साचा. मग प्रत्येक कारागिराला विचारलं, तुमची अडचण कधी आहे? सुताराच्या मुलीचं लग्न अख्ख्या गल्लीला माहीत होतं, आमच्या भिंतीवरच्या कागदाला नव्हतं.

साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “आणि परत आले नाहीत तर?”

“येतील,” मी म्हणाले. “नाही आले तर दोष माझा.” “बघा मग,” साहेब म्हणाले.

स्लॅब ठरल्या दिवशी ओतून झाला. दोन दिवसांनी माणसं भरदिवसा, बोचकी घेऊन, निरोप घेऊन जीपमध्ये बसली. बायका मला हात करत होत्या. नंतरचे दिवस वॉचमन स्लॅबवर पाणी धरत होता आणि पलीकडच्या तयार खोल्यांत शहरातले वायरमन आणि प्लंबर काम करत होते. साइट बंद पडली नव्हती. मला मात्र झोप नीट लागत नव्हती.

एकोणिसाव्या दिवशी ऑफिसात फोन वाजला. सुरगाण्याच्या एसटीडी बूथवरून मुकादम बोलत होते.

“ताई, नदीला पाणी हाय, जीप निघत नाय. दोन दिस उशीर धरा.”

फोन ठेवला आणि छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. उशीर तर होणारच होता. पण आजवर उशीर मला रिकाम्या साइटवर उभं राहून कळायचा, हा आधी कळला होता. मी वाळूची गाडी दोन दिवस पुढे ढकलली, सुताराला आधी चौकटी बसवायला बोलावलं. साहेबांना सांगितलं. ते उठले, खिशातली पेन्सिल काढून भिंतीवरची एक पट्टी स्वतः पुढे वाढवली आणि “बरं” म्हणाले.

माणसं सांगितल्याप्रमाणे दोन दिवस उशिरा आली. मुकादमांनी मधल्या टेकूपासून एकेक सोडवायला घेतला. शेवटचा निघाला तेव्हा मी त्या रिकाम्या खोलीत उभी राहिले. केवढी मोठी दिसत होती ती.

पुढे सगळं वेळेवर झालं असंही नाही. खिडक्यांचे गज आठ दिवस उशिरा आले, एका खोलीचा गिलावा पुन्हा करावा लागला. पण टेकू निघाल्यानंतरच्या सोमवारी मी विटांमागे गेले नाही. बाईंना तारीख सांगितली, दिवाळीच्या सुट्टीनंतरची. त्यांनी ती वहीत लिहून घेतली, माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि विचारलं, “नक्की?” मी हो म्हटलं.

सुट्टीनंतर वर्ग भरले. सकाळी मुलांनी बाकं स्वतः ओढत नेली, त्या आवाजात प्रार्थना ऐकू येईना. संध्याकाळी घरी जाताना द्वारका चौकात नेहमीसारखी वाहतूक तुंबली. मी स्कूटर बंद करून पाय टेकले आणि आरामात उभी राहिले.