दोन दुर्बिणी आणि एक क्वार्टर

माझ्या मित्राने दुर्बिणीच्या खरेदीत दलाली खाल्ली नव्हती. भोपाळच्या मराठी मंडळींत आजही कुणी जुनं माणूस हसत हसत खाल्ली असं म्हणतं, आणि मित्राच्या नातवंडांनाही ते ऐकावं लागतं. ही गोष्ट पहिल्यांदा मी बोललो होतो. त्याने मला फसवलं हे खरं आहे, पण दलाली खाऊन नव्हे. दोन्ही गोष्टी नीट सांगायच्या तर मला राज्य पुनर्रचनेच्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल.

आमची कचेरी नागपूरहून भोपाळला हलली तेव्हा आधी पुरुष आले, बायकामुलं मागे राहिली. क्वार्टर्स बांधून होत होती. तोवर आम्ही एका बराकीत रांगेने खाटा टाकून राहायचो. माझ्या शेजारची खाट त्याची. त्याची बायको आणि दोन लहान मुली नागपुरात सासरच्या माणसांत होत्या. पत्रांमधून तिची कुरबूर यायची, तो वाचून उशीखाली ठेवायचा. माझं लग्न व्हायचं होतं.

आम्हा दोघांना आकाशाचा नाद होता. पहिल्या गणेशोत्सवात वर्गणी थोडी उरली आणि आमच्या मंडळाने पुढे येणाऱ्या मुलांसाठी दुर्बीण घ्यायचं ठरवलं, तेव्हा निवडीचं काम आपसूक आमच्याकडे आलं. मंडळाचे अध्यक्ष कचेरीतले आमचेच हेडक्लार्क होते. ते म्हणाले, "बघा, पण तीन दरपत्रकं आणा. त्याशिवाय मी सही करणार नाही." आमचं मंडळ सतरंजीसुद्धा तीन दरपत्रकं मागवून घ्यायचं. कचेरीत जे करतो तेच घरी करायचं, यात कुणाला काही गैर वाटत नसे.

एक दुर्बीण जुन्या शहरातल्या चष्म्याच्या दुकानात होती. नवी, मोठी, पांढऱ्या रंगाची, तीन इंची भिंगाची आणि स्वस्त. दुसरी होती एका वृद्ध गृहस्थांकडे. ते संस्थानाच्या काळी मोजणीखात्यात होते. मुलगा कराचीला गेला, डोळ्यांत मोतीबिंदू आला, म्हणून ती विकायची होती. पितळी, दोन इंचांची, विलायती, आणि आकाराच्या मानाने महाग.

दुकानदाराने एका दुपारी त्याची दुर्बीण आमच्याबरोबर पाठवली. आम्ही दोन्ही त्या गृहस्थांच्या गच्चीवर नेल्या. तलावाच्या पलीकडे तारेचे खांब होते. त्यांवरच्या चिनी मातीच्या पांढऱ्या वाट्यांवर ऊन चमकत होतं. पितळी दुर्बिणीतून ती चमक सुईच्या टोकाइतकी बारीक दिसली. पांढऱ्या दुर्बिणीतून तिच्याभोवती जांभळी झालर आली, आणि कितीही पुढेमागे केलं तरी ती जाईना.

मित्राने नेत्रभिंग काढून नळीत मागून डोकावून पाहिलं. मग मला म्हणाला, "तू बघ. पुढच्या भिंगाची कड दिसते का?"

दिसत नव्हती. आत काळ्या पुठ्ठ्याची चकती बसवलेली होती आणि मध्ये रुपयाएवढं भोक. भिंग तीन इंचांचं, पण उजेड तेवढ्या भोकातूनच यायचा. भिंग एकेरी होतं, त्यामुळे सगळं उघडं ठेवलं असतं तर झालर आणखी वाढली असती. दोष झाकायला ती चकती होती. पितळी दुर्बिणीत दोन वेगवेगळ्या काचांचं जोडभिंग होतं आणि ते कडेपर्यंत मोकळं होतं.

"तीन इंच म्हणून सव्वा इंच विकतोय लेकाचा," तो म्हणाला.

गृहस्थांनी चहा मागवला होता. निघताना मी दरपत्रकाचा विषय काढला. त्यांना आधी कळेना. कळलं तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

"मियाँ, मैं दुकानदार नहीं हूँ। आप देखने आए, मैंने दिखा दी। अब काग़ज़ पर लिखकर दूँ कि मैं औरों से सस्ता हूँ?"

मित्राने त्यांची माफी मागितली, आणि शेवटी त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या. तिसरं दरपत्रक नागपूरच्या एका दुकानाकडून टपालाने मागवलं, नुसतं नियमापुरतं. परतताना आमचं ठरलं, सभेत मी टिपण वाचायचं आणि त्याने चकतीचं समजावून सांगायचं. मला बोलताना घाम फुटायचा आणि त्याला समजावून सांगण्याची हातोटी होती.

सभा बराकीसमोरच्या अंगणात झाली. मी टिपण वाचलं. अध्यक्ष म्हणाले, "दर जास्त, आकार कमी. हे कुठल्या नियमात बसतं?"

मी मित्राकडे पाहिलं. तो उठला. म्हणाला, "आम्ही दोन्ही पाहिल्या. मुलांना दाखवायला मोठी पुरेल. फार फरक नाही."

मला वाटलं तो पुढे 'पण' म्हणेल. तो खाली बसला.

मी म्हणालो, "अरे, ती चकती?"

"तसं सगळ्याच दुर्बिणींत काही ना काही असतं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

अध्यक्ष हसले. "घ्या, तुमचाच साक्षीदार फुटला." सगळं अंगण हसलं. मी टिपणाची घडी घालत बसलो, आणि पांढरी दुर्बीण मंजूर झाली.

पुढच्याच आठवड्यात क्वार्टर्सची यादी लागली. ती हेडक्लार्कच्या टेबलावरून जायची. मित्राचं नाव बरंच खाली होतं, ते वर आलेलं होतं. चष्म्याचा दुकानदार अध्यक्षांचा जुना ओळखीचा होता, हे मला नंतर कळलं. मित्राने काही लपवलं नाही, पण स्वतःहून सांगितलंही नाही. शेजारची खाट उचलताना एवढंच म्हणाला, "मुलींना घेऊन येतो आता." मी वळकटी बांधायला हातही लावला नाही.

दुर्बीण आली तेव्हा शनी वृश्चिकाकडे होता आणि संध्याकाळी सहज दिसायचा. तोवर काही बिऱ्हाडं आली होती. मंडळाने कार्यक्रम ठेवला. एका सहकाऱ्याची आई नुकतीच नागपूरहून आलेली. तिला पुढे बोलावलं तर म्हणाली, "शनीला कोणी मुद्दाम जाऊन बघतं का बाप्पा? तो आपल्याला बघतो तेवढं पुरे आहे." तिचं काही चुकलं नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना कडं दिसलंच नाही. जांभळ्या-पिवळ्या किनारीचा एक लांबट ठिपका दिसला. मुलं कंटाळून पळापळीचा खेळ खेळायला गेली.

रांगेतल्या एकाने मला विचारलं, "काय हो, तुम्ही दोघं जाऊन पाहून आला होता ना?"

मित्र तिथेच होता, बायकोबरोबर, धाकटी मुलगी कडेवर. ते चौघं त्यांच्या नव्या घरातून चालत आले होते.

मी म्हणालो, "मला काय विचारता? दुकानदाराला विचारा, त्याने कोणाला किती दिलं ते."

एवढंच बोललो. मला क्वार्टरचं माहीत होतं. ते बोललो असतो तर लोकांनी त्याला माफ केलं असतं. बराकीतल्या बहुतेकांची बायको कुठेतरी वाट पाहत होती. त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, असं प्रत्येकाने स्वतःला विचारलं असतं आणि तो गप्प बसला असता. मला त्याला माफी मिळू द्यायची नव्हती. म्हणून ज्याला माफी नसते ते मी निवडलं. हे तेव्हा इतकं स्पष्ट कळलं होतं असं नाही, पण जीभ कुठे वळवायची ते तिला नेमकं ठाऊक होतं.

वर्षभरात मंडळाला नवा खजिनदार हवा होता. हिशेबात त्याच्याइतका चोख दुसरा नव्हता, तरी त्याचं नाव कुणी सुचवलं नाही. तो कार्यक्रमांना यायचा, मागे उभा राहायचा, आरती झाली की जायचा. पुढे माझं लग्न झालं, मलाही क्वार्टर मिळालं, दोन गल्ल्या सोडून. आम्ही रस्त्यात भेटलो तर कचेरीचं बोलायचो. त्याने कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. मी वाट पाहत होतो की आधी तो सभेचं बोलेल.

निवृत्तीनंतर तो शहराबाहेर मिसरोदकडे राहायला गेला. तिथेच वारला. तेराव्यानंतर मी वहिनींना भेटायला गेलो आणि सगळं सांगून टाकलं. त्या धान्य निवडत होत्या, निवडत राहिल्या.

"तुम्ही बोललात ते मी तिथेच ऐकलं होतं, भावजी," त्या म्हणाल्या. "घरी येऊन यांना म्हटलं, खोटं आहे ते सांगा तरी लोकांना. तर म्हणाले, बोलू दे त्याला. त्याचा तेवढा हक्क आहे."

हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट राग आला. सभेत उभं राहून त्याने आमच्या दोघांचं एकट्याने ठरवलं होतं, आणि इथेही तेच. माझं खोटं त्याने शिक्षा म्हणून स्वीकारलं आणि मला विचारलंही नाही. इतकी वर्षं आम्ही भांडू शकलो असतो.

मी वहिनींना तसं म्हणालो. त्यांनी निवडलेलं धान्य डब्यात ओतलं.

मग म्हणाल्या, "भांडायचं राहिलं ते तुमचं तुम्ही बघा. दलालीचं तेवढं पुसून टाका, मुलींच्या सासरी ऐकावं लागतं. आणि लिहिणार असाल तर क्वार्टरचंही लिहा. सासरी मला काय दिवस काढावे लागत होते ते यांना माहीत होतं. मी त्या घरात राहिले आणि सुखाने राहिले. मला त्याची लाज वाटत नाही."